मासा दिला की काढून घेतला?



त्रिशरण-पंचशील आपण रोज म्हणतो. त्यातील दुसऱ्या शीलातल्या ‘अदिन्न’ या पाली शब्दापाशी आज थोडे थांबू या. अदिन्न म्हणजे न दिलेले. मग दिलेले कशाला म्हणावे?

पॅसिफिक महासागरात इक्वेडोर देशाची गालापागोस बेटे आहेत. तेथे फ्रिगेट नावाचा काळा समुद्रपक्षी राहतो. पंखांचा पसारा दोन मीटरांहून अधिक. परंतु पिसे पाण्याने भिजतात, म्हणून तो पाण्यावर बसू शकत नाही की बुडी मारू शकत नाही. बूबी नावाचा दुसरा पक्षी मात्र बुडी मारून मासे धरतो व पिलांसाठी पोटात साठवून घरट्याकडे निघतो. वाटेत फ्रिगेट त्याच्या मागे लागतो, शेपटी किंवा पंख चोचीत धरून हिसडे देतो. शेवटी बेजार झालेला बूबी मासा ओकून टाकतो आणि फ्रिगेट तो हवेतच झेलतो.

मासा बूबीने आपल्याच चोचीतून सोडला, हे खरे. म्हणून त्याने तो दिला, असे कोणी म्हणेल काय?

त्या पक्ष्याला मात्र आपण चोर ठरवू नये. विचार करून थांबणे त्याच्या हाती नाही. (शिवाय बहुतेक अन्न तो स्वतःच टिपतो, त्याचा बोभाटा जरा जास्तच झाला आहे.) माणसाचे तसे नाही. आपले वाडवडील महारकी करीत, तेव्हा गाव म्हणे, हे तर आपणहून येतात! त्या ‘आपणहून’मागे बहिष्काराचे भय होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, ते उगीच नव्हे.

आता आपल्याच घरात पाहा. बाई दिवसभर खुरपून मजुरी आणते. नवरा दारूसाठी हात पुढे करतो, आवाज चढवतो. पोरे घाबरू नयेत म्हणून ती पदराची गाठ सोडते. दुसऱ्या दिवशी हा म्हणतो, “मी चोरी केली नाही, तिनेच दिले.” पाचवे शील मोडले हे तो कबूल करतो, दुसरेही मोडले हे त्याच्या गावीही नसते. मुलीच्या बापाने ‘राजीखुशीने’ दिलेला हुंडा घेणारेही आपल्यात आहेतच.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारातील उपासिकांनी त्या बाईला एकटीला बाजूला घ्यावे आणि विचारावे : बाई, ते पैसे तू दिलेस काय?