चांदणी आणि आडनाव

माणसाला साधं काही बघवत नाही, असं माझं आपलं एक मत आहे. जॉन ग्रुबर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने २००४ साली ‘मार्कडाउन’ ही लिहिण्याची पद्धत काढली, ती साधेपणासाठीच. ओळीच्या आरंभी # टाकलं की मथळा. शब्दाच्या दोन्ही अंगांना चांदणी चिकटवली की तो ठासून सांगितलेला. काहीही सजावट न करता नुसत्या डोळ्यांनी वाचता यावं, हीच त्यातली गंमत! पण लोकांना राहवेना. त्यांनी या संन्याशालाही रंगीत वस्त्रं शिवली.

सध्या मीही तेच शिवणकाम करतो आहे. ‘व्हिम’ नावाचा एक संगणकी संपादक आहे. (मजकूर याच्यात लिहायचा. हा ‘साभार परत’ पाठवत नाही.) त्यात तयार रंग मिळतात, पण तयार कपडा आपल्या अंगाला कधी बसला आहे? म्हणून मी स्वतःचे नियम लिहितो. ‘चांदणीपासून चांदणीपर्यंत तांबडं कर,’ असं सांगायचं. संपादक हुकुमाचा ताबेदार. त्याला अर्थ कळत नाही, खूण कळते. हिशेबात २*३*४ आलं, की मधला ३ लाजून तांबडा! तो गुणाकार होता, हे लिहिणाऱ्याच्या मनात. संपादकाने चांदण्या पाहिल्या.

हसू नका. आपण वेगळं काय करतो? ‘नाव काय?’ मग ‘पूर्ण नाव?’ आडनावावरून अंदाज येईना, तर ‘मूळचे कुठले?’ तीन प्रश्नांत समोरचा माणूस नखशिखान्त रंगून तयार! मग तो काय बोलतो आहे, ते ऐकायची गरज उरत नाही. जागा भाड्याने द्यायची की नाही, मुलगी दाखवायची की नाही, सगळं रंगावरून ठरतं.

आता, खुणांवाचून चालत नाही हेही खरं. हजार ओळींत मथळा सापडायचा तर रंग हवा. गर्दीत पोलीस सापडायचा तर गणवेश हवा. माझी तक्रार रंगाबद्दल नाहीच. पण गंमत बघा, तोच मजकूर दुसऱ्याला पाठवला तर माझ्या रंगाचा एक थेंबही त्याच्याबरोबर जात नाही. रंग मजकुरात नसतोच. तो माझ्या पडद्यावर असतो, माझ्या नियमांनी आलेला. तरी चार दिवसांत ‘तो तांबडा शब्द’ असं तोंडात बसतं. जणू बिचारा आईच्या पोटातूनच तांबडा आला!

व्हिममध्ये ‘सिंटॅक्स ऑफ’ असा एक हुकूम आहे. दिला की सगळे रंग उतरतात आणि शब्द मुकाट्याने वाचावे लागतात. दिवसाकाठी एकदा मी तो देतो. माणसांसाठी असा हुकूम कुठे द्यायचा, ते मात्र अजून सापडलेलं नाही.

आमच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं आहे. दारावर अजून पाटी लागलेली नाही. म्हटलं, ती लागायच्या आत त्यांना चहाला बोलवावं.