नाळ कापणारा हात

अशुद्धी माणसाच्या ठायी असते की त्याच्या कृतीत, हा भारतीय धर्मविचारातील जुना प्रश्न असून तो पंडितांच्या सभेपेक्षा बाळंतिणीच्या खोलीत अधिक स्पष्टपणे उभा राहतो. जन्मामुळे येणाऱ्या अशौचाला धर्मशास्त्रात जननाशौच म्हणतात. मराठी घरांत त्याला सोयर किंवा वृद्धी म्हटले जाते, आणि मृत्यूच्या सुतकाप्रमाणेच ते साधारणतः दहा दिवस पाळले जाते, मात्र त्यात शोक नसतो. हे अशौच कोणाला लागते याविषयी शास्त्रकारांचे एकमत नव्हते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ते मातेपुरतेच राहते आणि पिता स्नानाने शुद्ध होतो, असेही एक मत आढळते.

ते केव्हा लागते, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. नाळ छेदली जाईपर्यंत अशौच लागत नाही, असे मत धर्मनिबंधांत नोंदलेले आहे, आणि म्हणूनच जातकर्म, म्हणजे नवजात मुलाला मध-तूप चाटवण्याचा संस्कार, नाळ कापण्यापूर्वी करावा असे सांगितलेले आहे. याचा अर्थ असा की अशुद्धीचा आरंभ रक्ताशी किंवा वेदनेशी जोडलेला नसून एका हाताच्या एका हालचालीशी जोडलेला आहे. तो हात पित्याचा नसे आणि पुरोहिताचा तर नसेच. महाराष्ट्रातील अनेक गावांत तो मांग किंवा तत्सम अस्पृश्य मानलेल्या जातीतील सुईणीचा असे. नाळ तिने कापावी, वार तिने पुरावी, आणि काम उरकल्यावर तिने पुन्हा उंबऱ्याबाहेर जावे, अशी रीत होती. घराचा विटाळ दहा दिवसांत फिटत असे, तिचा मात्र जन्मभर फिटत नसे. कृतीतून आलेली अशुद्धी करणारीच्या जातीत कायमची मुरवून ठेवण्याची ही सोय होती, आणि अशौचाला मुदत घालून देणाऱ्या शास्त्राच्या स्वतःच्या तर्कालाही ती धरून नव्हती.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रसाविकेचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात प्रथम उभी राहते, तेव्हा तिला शुद्धीची एक वेगळीच मीमांसा शिकवली जाते. अंगठी व बांगड्या उतरवाव्यात, नखे कापलेली असावीत, बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत हात ठरलेल्या क्रमाने घासावेत, आणि धुतलेला हात निर्जंतुक नसलेल्या कशालाही लागला तर आरंभापासून पुन्हा धुवावा, हा तिथला नियम असतो. हे बाहेरून सोवळ्यासारखेच दिसते, आणि नवविवाहित विद्यार्थिनीला सौभाग्यचिन्ह मानलेला चुडा उतरवताना दोन सोवळ्यांमधला विरोध मनगटावरच जाणवत असणार. परंतु निर्जंतुकता, म्हणजे रोगजंतूंचा अभाव, ही कोणाच्याही कुळातून येत नाही. ती प्रत्येक वेळी नव्याने मिळवावी लागते आणि एका बेसावध स्पर्शाने कोणाचीही जाते. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेचे स्वच्छ टोक, या पाच गोष्टी तिच्याकडून पाठ करून घेतल्या जातात, कारण अस्वच्छ पात्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वाताचे जंतू बालकाच्या शरीरात शिरतात. लसीकरण आणि ही स्वच्छता यांच्या बळावर माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताच्या बाबतीत 2015 मध्ये मान्य करण्यात आले.

हा विचार युरोपलाही सहज पचला नव्हता. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात प्रसाविका होऊ पाहणाऱ्या स्त्रिया. 1846 साली पहिल्या विभागात शंभरातील अकराहून अधिक माता दगावल्या, दुसऱ्यात तीनपेक्षाही कमी. मरणासन्न स्त्रीला अखेरचा संस्कार देण्यासाठी येणाऱ्या धर्मगुरूच्या घंटानादाने स्त्रिया भयभीत होत असाव्यात, असाही तर्क इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने तपासून पाहिला. धर्मगुरूचा मार्ग बदलला आणि घंटा बंद झाली, तरी मृत्यू थांबले नाहीत. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तेच हात घेऊन प्रसूतिकक्षात शिरत, हे कारण उमगल्यावर त्याने 1847 मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. तरीही अनेक समकालीनांनी त्याला मानले नाही. फिलाडेल्फियातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स मेग्ज यांची तर अशी धारणा होती की डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. हेही सोवळेच, फक्त धोतराऐवजी कोटातले. विद्वानाचा हात विटाळलेला आणि शिकाऊ सुईणीचा त्या मानाने निर्मळ असू शकतो, हे मान्य करण्यात अडचण पुराव्याची नव्हती, प्रतिष्ठेची होती.

रुग्णालयाने हा प्रश्न कायमचा मिटवला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कळा देणाऱ्या स्त्रीवर खेकसणे, रक्त पुसण्याचे काम ठरावीक समाजातील कर्मचाऱ्यांच्याच वाट्याला येणे, यांतून जुना विटाळ गणवेश घालून परत येतो, आणि निर्जंतुकतेच्या पाठात त्याचे नाव घेतले जात नाही. हात धुण्याबरोबरच विटाळाचा इतिहासही शिकवल्यावाचून प्रसाविकेचे शिक्षण पुरे होत नाही, असे म्हणण्यास म्हणूनच आधार आहे.

नाळेच्या बाबतीत एक योगायोग लक्षणीय आहे. बालक सुस्थितीत असेल तर निदान एक मिनिट नाळ कापू नये, कारण तेवढ्या वेळात वारेतील रक्त त्याच्याकडे जाते, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि नाळ कापण्यापूर्वी संस्कारासाठी थांबणाऱ्या शास्त्रकारांनाही तोच क्षण मोलाचा वाटला होता. त्यावरून ऋषींना रक्ताभिसरण ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. प्राचीनांचे श्रेय शोधायचेच तर ते वैद्यकग्रंथांत शोधावे. चरकसंहितेत बेंबीपासून आठ अंगुळे मोजून, सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या धारदार पात्याने नाळ कापावी असे बारकाईने सांगितले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी जवळ असाव्यात अशा चार स्त्रियांचे वर्णन येते: त्या प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात. त्यांची जात तिथे सांगितलेली नाही.