फियाट आणि जिप्सीचं इंजिन

आमच्या भागात वस्तू बदलत बदलतच टिकते. कुऱ्हाडीचा दांडा मोडला की बाभळीचा नवा घालायचा, पातं झिजलं की लोहाराकडून दुसरं आणायचं, आणि कुऱ्हाड मात्र आज्याचीच म्हणायची. बैलगाडीची लाकडी चाकं आणि त्यांच्यावरची लोखंडी धाव माझ्या डोळ्यांदेखत गेली, खाली रबरी टायरं आली. तेलगावच्या कारखान्यावर ऊस नेणाऱ्या टायरगाड्यांना 'ही काही खरी बैलगाडी नव्हे' असं म्हणणारा माणूस दिंद्रुडात मला अजून भेटलेला नाही. परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, म्हणून देव काही नवा झाला नाही.

त्यामुळं पुतण्या जेव्हा म्हणाला, "काका, अण्णांच्या फियाटमध्ये जिप्सीचं इंजिन बसवू," तेव्हा नाही म्हणायला माझ्याजवळ तयार असं कारण नव्हतं. तरी मन नाही म्हणत होतं. ते का म्हणत होतं, हे शोधायला मला बरेच दिवस लागले.

आमची गाडी म्हणजे १९७६ ची प्रीमियर पद्मिनी. गावात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९८४ साली औरंगाबादहून ती सेकंडहँड आणली. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, गेअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. सकाळी चोक ओढल्याशिवाय ती उठायची नाही. मे महिन्यात धारूरच्या घाटात हमखास बंद पडायची, कारण उन्हानं आणि इंजिनच्या आचेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पेट्रोल पुढं सरकायचं नाही. मग अण्णा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि झाडाखाली बसून पान खायचे. पंधरा-वीस मिनिटांत गाडी चालू. आम्हा पोरांना तो प्रवासाचाच भाग वाटायचा. आईला कधी वाटला नाही. तिला पोचायची घाई असायची आणि अण्णांना नसायची.

पुतण्याचं म्हणणं हलकं नव्हतं. आईला महिन्यातून दोनदा अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि तिचा हट्ट असा की जायचं ते ह्याच गाडीनं. त्यातून आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ह्या इथेनॉलनं जुन्या गाडीची रबरं फुगतात, चिरतात. पंपाचा पडदा जातो, कार्बोरेटरची वॉशरं जातात. गंमत बघा, इथेनॉल बनतं उसापासून, आणि बीड जिल्ह्यातली माणसं कोयता घेऊन अर्ध्या महाराष्ट्राचा ऊस तोडतात. आमच्याच माणसांच्या हातचा माल आमच्याच फियाटची रबरं खातोय. जिप्सीचं २००० नंतरचं इंजिन एमपीएफआय, १२९८ सीसी, ऐंशी हॉर्सपॉवरचं. त्यात टाकीकडूनच दाबानं पेट्रोल येतं, त्यामुळं वाफेची कटकट जवळजवळ संपते. हवा किती, पेट्रोल किती, ते डब्यातला कॉम्प्युटर ठरवतो. चोक नाही, फडकं नाही. शिवाय जिप्सीचं इंजिन फियाटसारखंच उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. पुतण्यानं सगळा अभ्यास केला होता.

मी आधी कायदा बघितला. मोटार वाहन कायदा १९८८ चं. कलम ५२ असं की कंपनीनं गाडीचा जो मूळ तपशील दिला आणि जो आरसी बुकात चढला, त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही २०१९ साली हेच उचलून धरलं. त्याच जातीचं इंजिन रीतसर बदलणं वेगळं, फियाटमध्ये जिप्सीचं घालणं वेगळं. "सगळेच करतात की," हे पुतण्याचं उत्तर. करतात, खरं आहे. पण अशी गाडी उद्या कुणाला ठोकली तर विम्यावाला बॉनेट उघडून बघणार, आणि ज्याला ठोकलं त्याचे हाल होणार. ऐंशी घोड्यांचं इंजिन बसवायचं आणि चारही चाकांना ते जुने ड्रमब्रेक ठेवायचे, हा नुसता आपल्या हौसेचा मामला राहत नाही. रस्त्यावर बैलं असतात, शाळेची पोरं असतात, रात्री लाईट नसलेल्या ट्रॉल्या असतात.

कायद्याचं दुसरं टोक आणखी मजेशीर. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन, कशातच मोठा बदल झालेला नसावा. आमच्या फियाटची पन्नास वर्षं २०२६ साली पुरी होतात. पण ती नोंद घेतली की गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, दुरुस्तीला न्या. म्हणजे गाडी अस्सल आहे ह्याचा सरकारी दाखला मिळतो तो तिनं काम सोडल्यावर! शहरातल्या हौशी मंडळींना हे सोयीचं आहे, त्यांच्या गाड्या रविवारी सकाळी बाहेर निघतात. आमच्याकडं जी वस्तू काम करत नाही ती आधी गोठ्यात जाते आणि मग भंगारात. जुन्या गाड्यांची 'फीवा' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचंही मत ह्याच वळणाचं. जुन्या गाड्यांत विजेची मोटार बसवायची टूम विलायतेत निघाली तेव्हा २०१९ साली तिनं सांगितलं की असल्या बदलाचा पुरस्कार आम्ही करणार नाही. कुणी केलाच तर तो परत फिरवता यावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. शेवटचा सल्ला मला पटला. बाकीच्याला माझी अडचण कळलेली नव्हती.

अडचण अशी की 'इंजिन बदललं तर गाडी तीच राहते का' ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. मिलिंदपञ्हात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला त्याच्याच रथावरून अडवतो: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी निघतं ते एवढंच की ह्या सगळ्यांच्या मेळाला लोकांनी रथ हे नाव दिलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा सवाल-जवाब माझ्या फियाटला चपखल बसतो. पण नागसेनानं एक विचारलं नाही, कारण त्याचं काम वेगळं होतं. हे नाव कोण कोण धरून आहे, आणि प्रत्येकाचा हात नेमका कुठल्या भागावर आहे?

मी घरात विचारत गेलो. आईला इंजिनचं काहीच नाही. तिची गाडी म्हणजे पुढची सलग सीट, जिच्यावर ती गुडघे न दुखता बसू शकते, आणि दार लावल्याचा तो जड आवाज. पुतण्याला गाडीचा आकार आवडतो. त्याला ती तशीच दिसायला हवी आणि नव्या गाडीसारखी पळायला हवी. अण्णांची गाडी त्यांच्या कानात होती. शेतातून ते आवाजावरून सांगायचे की एक प्लग मारत नाही. अण्णा आता नाहीत. म्हणजे इंजिन बदललं तर कुणाचंच काही जात नाही, असं मला वाटलं आणि मी जवळजवळ हो म्हणणार होतो.

मग मिस्त्रीकडं गेलो. गेली तीस वर्षं ही गाडी त्याच्या हाताखाली आहे. कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ करणं, पॉइंटमधलं अंतर पत्र्याच्या तुकड्यानं लावणं, टायमिंग कानानं जुळवणं. अण्णांनंतर तो कान गावात एकट्या त्याच्याकडं उरलाय. मी विचारलं, "जिप्सीचं इंजिन बसेल का?" तो म्हणाला, "बसतंय की गुरुजी. मीच बसवून देतो. माउंटिंग करावं लागंल, वायरिंग सगळी नवी. पण मग बंद पडली तर मला हाक मारू नका. त्या डब्यात काय हाय ते मला दिसत नाही. मशीन लावून बघणारा लागतो, तो बीडला हाय नाहीतर संभाजीनगरला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाना पुसता पुसता बोलत होता.

तिथं मला माझं नाही सापडलं. जुनं इंजिन उघडं आहे. अडाणी माणसालाही त्यात हवा कुठून येते, पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठं पडते हे बोटानं दाखवता येतं. ते वारंवार बिघडायचं, पण बिघाड गावातल्या माणसाच्या आवाक्यातला असायचा. नवं इंजिन फार कमी बिघडतं, आणि बिघडलं की गावाबाहेर जातं. बैलगाडीला टायर आलं तेव्हा सुताराचं काम गेलं, पण पंक्चर काढायला गावातलंच पोरगं उभं राहिलं. त्या डब्यापाशी अजून गावातलं कुणी उभं राहिलेलं नाही. राहील कदाचित. मिस्त्रीचा पोरगा आयटीआयला आहे, त्याला ते मशीन घ्यायचंय.

पण मिस्त्रीचा हात राहावा म्हणून म्हाताऱ्या आईनं घाटात ताटकळावं का? ह्याला मी साफ नाही म्हणतो. दुसऱ्याच्या गुडघ्यांवर आपली तत्त्वं उभी करायची नसतात. पुतण्याला मी एवढंच म्हणालो की दवाखान्याची सोय आणि अण्णांची आठवण ही दोन कामं आपण एकाच पत्र्याच्या अंगावर टाकतोय, म्हणून त्याचं पोट फाडायची वेळ आलीय. दवाखान्यासाठी चांगली चालती गाडी घेऊ. फियाट दिंद्रुड ते तेलगाव एवढी चालू दे, मिस्त्रीला हाक पोचंल इतकीच.

त्याला पूर्ण पटलेलं नाही. परळीहून त्यानं आणलेलं जिप्सीचं इंजिन गोठ्यात ताडपत्रीखाली आहे, आणि गिऱ्हाईक आलं तरी तो ते विकत नाही. आई गेल्या महिन्यात पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या बोलेरोतून अंबाजोगाईला जाऊन आली. वेळेत पोचली, वेळेत परत आली. उतरल्यावर म्हणाली, "पायरी लई उंच हाय गं बाई," आणि सुनेच्या खांद्यावर हात टाकून घरात गेली.