वर्गात एकटीच

एप्रिलचा पहिला आठवडा होता. गल्लीतल्या पोरांच्या परीक्षा संपल्या होत्या आणि सगळी निकालाची वाट पाहत होती. आमच्या नातीला तेवढा निकाल नव्हता. नऊ वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी मुलाने आणि सूनबाईंनी तिला शाळेतून काढले आणि घरीच शिकवायचे ठरवले. घोकंपट्टी नको, हे त्यांचे म्हणणे. मी जन्मभर मास्तरकी केलेला, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. मला काय वाटले असेल ते सांगायला नको.

पण जे पाहिले ते नाकारून चालणार नाही. सोमवारी तिने आईबरोबर रविवार पेठेत जाऊन कडधान्यांच्या दरांची वही केली. मंगळवारी बापाने राकसकोपला नेले. मार्कंडेय नदीवरच्या त्या जलाशयाचे पाणी आपल्या बेळगावच्या नळाला येते, हे तिने तिथे पाहिले, आणि मग दोन दिवस घरात नळ उघडा कोण टाकतो यावर पहारा ठेवला. माझ्या वर्गात हे झाले नसते. चाळीस पोरे घेऊन राकसकोपला कोण जातो?

गुरुवारी ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. पट्टीने रेघा मारून स्वतःचे प्रगतिपुस्तक केले होते. गणित ६२, मराठी ७०, कन्नड ३५. ‘वर्गातील क्रमांक’ या रकान्यात ‘पहिला’ लिहून खोडले होते.

“आज्जा, वर्गात एकटीच असलं तर पहिला म्हणायचं की शेवटचा?”

मला उत्तर देता आले नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क दिला. घरच्या शाळेविषयी त्यात अक्षर नाही. चौदा पूर्ण झाली की मुक्त विद्यालयातून दहावीला बसवू, असा मुलाचा हिशेब. हिशेब बरोबर असेल, पण हक्क पोरीचा आहे. तो तिच्या वतीने सोडून देण्याचा अधिकार बापाला कुठून मिळाला?

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत घातले नाही. गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानीने प्रवेश मिळाला असता. पण इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांना नको, हे त्यांचे तत्त्व. त्याबद्दल मुलांची तक्रार राहिली, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच नोंदवले आहे. थोरला हरिलाल तर १९११ साली शिक्षणासाठी बापाला सोडून हिंदुस्थानात आला. १९२४ साली याच बेळगावात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, याचा आपल्याला केवढा अभिमान! हरिलालची आठवण मात्र आपण काढत नाही.

आणि मी तरी कोण लागून गेलो? १९८६ साली, कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या वर्षी, मी मुलाला मराठी शाळेत घातले आणि घरात कानडीचा शब्द येऊ दिला नाही. पुढे कचेऱ्यांतून कानडी अर्ज दुसऱ्याकडून वाचून घ्यायची पाळी त्याच्यावर आली. एकदा तो म्हणाला, “अप्पा, तत्त्व तुमचं होतं, परीक्षा मी दिली.” ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच खटल्यात निकाल दिला, की मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे, सरकारने माध्यम लादायचे नाही. मी पेढे वाटले. मुलगा गप्प होता. सरकारपासून मुलाला वाचवता येते. बापापासून कोण वाचवणार, हा प्रश्न त्या निकालात नव्हता, आणि तेव्हा माझ्याही डोक्यात आला नाही.

आज त्याचेच वाक्य त्याला ऐकवावे असे अनेकदा ओठांवर येते. मी गिळतो. त्याने मला ऐकवले तेव्हा तो तिशीतला होता. नातीने तोवर थांबायचे काय?

“कन्नडला पस्तीसच कसे गं?” मी विचारले.

“शेजारच्या अक्कानं पेपर काढला. दहा शब्द दिले होते. तीच म्हणाली, काठावर पास.”

घरात कुणालाही न सांगता तिने स्वतःला परीक्षक शोधला होता, तोही कानडी घरातला. ‘मुख्याध्यापक’ या शब्दावर बोट ठेवून ती सही मागत होती. मी केली. ‘वर्गशिक्षक’ची जागा रिकामी राहिली. कागद घेऊन ती शेजारी पळाली.