स्वभावाला औषध आहे का?



‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. कुणाचा नवरा पुन्हा दारूकडे वळला, कुणाचा भाऊ बांधावरून पुन्हा भांडायला उठला, की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातच आपण निकाल देऊन मोकळे होतो, ‘तो काय बदलणार!’ पण वय झालेला माणूस खरोखरच बदलू शकत नाही का?

मेंदूविषयी विज्ञानाचेही पूर्वी काहीसे असेच मत होते. १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळालेले स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी लिहून ठेवले होते की, प्रौढ मेंदूतील चेतापेशी मरतात, नव्या जन्मत नाहीत. हे मत अनेक दशके प्रमाण मानले गेले. १९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांना प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी आढळल्या. पण त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

१९९८ साली माणसाच्या मेंदूतील पुरावा पुढे आला. स्वीडन व अमेरिकेतील संशोधकांना तो पाच कर्करुग्णांमुळे मिळाला. नव्याने तयार होणाऱ्या पेशींवर खूण राहील असे एक द्रव्य या रुग्णांना तपासणीसाठी दिले गेले होते. त्यांच्या निधनानंतर मेंदू तपासला, तेव्हा स्मरणशक्तीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात खूण असलेल्या चेतापेशी सापडल्या. देह मरणाच्या वाटेवर असतानाही आत काही नवे जन्म घेत होते!

पुढे २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत व तेथून माणसांच्या शरीरात गेलेल्या कार्बनवरून पेशींचे वय काढले. हिप्पोकॅम्पसमध्ये प्रत्येक बाजूला रोज सुमारे ७०० नव्या पेशी तयार होतात, असा त्यांचा हिशेब होता. २०१८ साली दुसऱ्या एका गटाला मात्र प्रौढांमध्ये अशा पेशी आढळल्याच नाहीत. २०२५ साली स्वीडनमधून या पेशींच्या बाजूने आणखी पुरावा आला. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मग आपल्या श्रद्धेने या वादात कोणती बाजू घ्यावी? आम्हांला वाटते, कोणतीच नाही. नव्या पेशी जन्मत नसल्या तरी आहेत त्या पेशींमधील जोडण्या शिकण्याने व सरावाने आयुष्यभर बदलत असतात. आणि नव्या पेशी जन्मल्या म्हणून कुणी आपोआप सज्जन होत नाही. ताजा मेंदू लबाडीही शिकू शकतो. पश्चात्ताप ही माणसाच्या स्वातंत्र्याची आणि देवाच्या कृपेची गोष्ट आहे. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येत नाही.

तरीही या संशोधनातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उंदरांच्या मेंदूत जन्मलेल्या नव्या पेशींपैकी पुष्कळशा काही आठवड्यांतच मरतात. प्राण्याला काही कठीण शिकावे लागले, तर त्यांतील अधिक पेशी टिकतात. म्हणजे नवे जन्मणे पुरेसे नाही, त्याला काम मिळावे लागते. सद्गुण ही सरावाने मुरलेली वृत्ती आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले. प्रायश्चित्त संस्कारात मिळालेली कृपा आणि तेथे केलेला निर्धार सोमवारी सकाळी वापरात आला नाही, तर त्याचे काय होणार?

आणि येथे प्रश्न आपल्यापाशी येतो. दारू सोडून तीन महिने झालेल्या माणसाला आपण बोलावतो की टाळतो? त्याच्या हातात वाचनाचे पुस्तक देतो, की आपापसात कुजबुजतो? आपण ज्याला जुनाच माणूस मानत राहतो, त्याला नवे होण्यासाठी जागाच उरत नाही. अर्थात आशा बाळगणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. मार खाल्लेल्या पत्नीला ‘आता तो सुधारला, परत जा’ असे सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. विश्वास पुन्हा मिळवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. पण संधी नाकारणे वेगळे आणि सावध राहणे वेगळे.

म्हातारपणी माणूस पुन्हा कसा जन्मणार, हा प्रश्न निकदेमाने एका रात्री प्रभू येशूला विचारला होता. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात तो आहे. प्रभूने त्याला वयाची अट घातली नाही. पवित्र आत्म्याकडे बोट दाखवले. पुढे हाच निकदेम क्रुसावरून उतरवलेल्या प्रभूच्या देहासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन उघडपणे आला. रात्री लपून येणारा माणूस बदलला होता.

या आठवड्यात आपण एका तरी व्यक्तीविषयी ‘तो काय बदलणार’ हे शब्द गिळून टाकू या. ती व्यक्ती कदाचित आपल्याच घरात असेल. कदाचित आरशात दिसत असेल. तिच्यासाठी पवित्र आत्म्याकडे मागणे करू या आणि मागणे झाल्यावर तिच्याशी दोन शब्द बोलू या.