एकच प्याला, एकच दिवस

आमच्या यवतमाळात दारू सोडणाऱ्यांची वाण नाही. एकेकाने दहादहा वेळा सोडलेली असते! शपथ दर वेळी 'आजन्म'. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) आपण तळीरामाला हसतो, सुधाकरासाठी रडतो. वाचत दोघेही नाहीत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची शिकवण साधी: फक्त आज प्यायची नाही. १९८६ साली पुण्यात निघालेल्या 'मुक्तांगण'मधून असे कित्येक सावरले. मग खरी शपथ कुठली, आजन्माची की आजची? आम्ही बँकवाले दुसरीला मत देऊ. मुदत ठेव मध्येच मोडता येते. रोजकीर्द मात्र रोज संध्याकाळी जुळवावीच लागते. सुटलेला माणूस आपल्या जुन्या फजितीला हसला, तर आपणही खुशाल हसावे. तळीरामाला हसण्यापूर्वी मात्र शेजारच्या खुर्चीवर कुणाची सिंधू तर बसलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे.