कीटभृंग आणि फुलपाखरू

भृंगाच्या ध्यासाने कीट भृंग होतो, हा दृष्टांत जीवब्रह्मैक्यासाठी देतात. वस्तुतः कुंभारीण माशीने मातीच्या घरट्यात कोंडलेली अळी माशी होत नाही. माशीच्या पिलाचे भक्ष्य होते. साधकाने रुईवरील फुलपाखराची अळी पाहावी. पूर्ण वाढताच ती खाणे सोडते, कोशात निश्चळ राहते. तेथे तिचा पुष्कळसा जुना देह विरघळतो. अळीदशेतच बीजरूपाने असलेले पंख वाढतात. फुलपाखरू सूर्य होत नाही, सूर्यप्रकाशात विहरते. तद्वत् मुक्त जीव परमेश्वर होत नाही, परमेश्वराचा आनंद भोगतो. अर्थात दृष्टांत एकदेशीच. अळीचे पालटणे स्वभावतः घडते; जीवाचा अविद्याछेद परमेश्वरकृपेवाचून नाही. शिवाय विजनास बसूनही मनाने पाने चघळणारे आपणांत थोडे नाहीत.